तीनशे हेक्स, आयआरक्यू दहा

डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या सिस्टिमच्या) मशीनला नेटवर्क लावलं असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "मग त्यावर गुगल उघडतं का?" त्याचं उत्तर खाली देते. मला गुगल नकोच होतं. मला एका कुलवृत्तांताच्या फाइली एका ३८६ मधून, म्हणजे त्या नंबरच्या प्रोसेसरच्या जुन्या पीसीमधून, बाहेर काढायच्या होत्या आणि बाकीच्या वाटा बंद झाल्यावर नेटवर्कची केबल तेवढी उरली होती.

कुलवृत्तांत सदाशिव पेठेतल्या एका काकांचा. नात्याने ते माझे कोणी नाहीत. नव्वदच्या दशकात मी एका सर्व्हिस कंपनीत हार्डवेअर इंजिनिअर होते, तेव्हाचे ते गिऱ्हाईक. कायनेटिक होंडावर स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर आणि फ्लॉपींचा डबा घेऊन मी शनिवार पेठेपासून भोसरी एमआयडीसीपर्यंत फिरायचे. बहुतेक ठिकाणी दार उघडणारा माझ्या पाठीमागे बघून विचारायचा, "इंजिनिअर कुठंयत?" काकांनी तसं कधी विचारलं नाही, म्हणून ते चांगलेच लक्षात राहिले. रिटायर झाल्यावर त्यांनी गावोगावच्या शाखांना पोस्टकार्डं पाठवून माहिती जमवली. मूळ गाव, कुलदैवत, कोण कुठे दत्तक गेलं, कोणाचा वंश खुंटला. सगळं स्वतः टाइप केलं. छापील आवृत्ती एकदाच निघाली. आता पुतण्याला नवी काढायची आहे आणि मूळ मजकूर पलंगाखालच्या ३८६ वर.

टाइप केलं होतं सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर. आजच्या पोरांना हे माहीत नसतं म्हणून सांगते. सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये इथेच पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात उभी राहिली. लोकांना तिचा 'परम' महासंगणक आठवतो, पण छापखान्यांना आणि कचेऱ्यांना उपयोगी पडलं ते जिस्ट. मदरबोर्डवरच्या आयएसए स्लॉटमध्ये, म्हणजे कार्डं बसवायच्या जुन्या खाचेत, कार्ड बसवायचं, की डॉसच्या पडद्यावर देवनागरी यायला लागायची. वर्डस्टार (लेखनाचा प्रोग्रॅम) किंवा डीबेस (डेटाबेसचा) यांना कळायचंसुद्धा नाही की आपल्यात मराठी भरली जातेय. त्यांच्या लेखी ते अक्षरांच्या २५६ जागांपैकी वरच्या १२८ जागांमधले बाइट्स. ही गोष्ट पुढे कामाला आली.

वाचणाऱ्यांपैकी निम्मे आत्ता म्हणत असतील, हार्ड डिस्क काढा, यूएसबीला जोडा, संपलं. नाही संपत. डिस्क कॉनरची, १२० एमबीची. त्या काळच्या डिस्कशी सिलिंडर, हेड, सेक्टर अशा तीन आकड्यांत बोलावं लागतं. आपल्याकडे मिळणारे यूएसबीचे अडॅप्टर बहुतेक एलबीए गृहीत धरतात, म्हणजे सगळ्या सेक्टरांना एकापुढे एक सरळ नंबर. डिस्कला ते समजत नाही, अडॅप्टरला हे समजत नाही, आणि लॅपटॉपवर काहीच दिसत नाही. फ्लॉपीचं म्हणाल तर ड्राइव्हचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर तो वाचायला लागला, पण लिहिताना मधेच सेक्टर खायचा. म्हणजे आत प्रोग्रॅम नेता येत होता, बाहेर डेटा आणता येत नव्हता. सीरियल केबल लावून केरमिट या फाइली पाठवायच्या जुन्या प्रोग्रॅमने काढता आलं असतं, ते मी राखून ठेवलं होतं. पण मला सगळी डिस्क हवी होती आणि डिरेक्टरीच्या आत डिरेक्टरी करत करत सीरियलवर बसायचा धीर आता माझ्यात नाही.

मशीन आधी चालू व्हायला हवं. मदरबोर्डवर निकेल-कॅडमियमची पिंपासारखी बॅटरी असते, ती गळलेली होती. ही गळती अल्कलीची, म्हणून व्हिनेगरने पुसायची, मग आयसोप्रोपिलने. हिरवट झालेले दोन-तीन ट्रॅक मीटरने तपासले, शाबूत निघाले. बॅटरी कापून टाकली आणि बाहेरच्या बॅटरीच्या पिनांवर पेन्सिल सेलचा होल्डर लावला. बॅटरी मेली म्हणजे सीमॉस (सेटिंग लक्षात ठेवणारी मेमरी) कोरा, आणि सीमॉस कोरा म्हणजे बायॉसला (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) डिस्कचे ते तीन आकडेच माहीत नाहीत. ३८६ मध्ये डिस्क आपोआप ओळखली जाईल ही आशा सोडा. टाइप ४७ निवडून आकडे हाताने भरायचे. आमच्या पिढीचे इंजिनिअर हे आकडे कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर लिहून ठेवायचे. इथेही होते, मार्करने, ७६२–८–३९. गुणून ५१२ ने पुन्हा गुणलं की १२ कोटी १७ लाख बाइट्स होतात, म्हणजे आकडे खरे. अक्षर माझं नव्हतं, पण ज्याचं कोणाचं होतं त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

नेटवर्क कार्ड मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणलं. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत जायचं. ताडपत्रीवर मोबाइलचे चार्जर, मिक्सरची भांडी आणि मदरबोर्डांचा ढीग असतो, त्या ढिगात हात घालायचा. रिअलटेकची ८०१९एएस चिप असलेलं, एनई२००० या त्या काळच्या प्रचलित कार्डाशी जुळणारं १६ बिटचं आयएसए कार्ड मिळालं. दीडशे म्हणाला, ऐंशीला दिलं. कार्डाच्या पाठीला दोन तोंडं, एक आरजे४५ चं, म्हणजे आजच्या नेटवर्क केबलचं, आणि एक बीएनसीचं, म्हणजे जुन्या गोल कोएक्स केबलचं. ज्यांनी कोएक्सवरचं नेटवर्क सांभाळलंय त्यांना सांगायला नको. एका टोकाचा ५० ओहमचा टर्मिनेटर (केबलचं टोक बंद करणारं बूच) कोणीतरी टेबल सरकवताना काढून ठेवायचं, सगळं नेटवर्क बंद पडायचं आणि सगळी ऑफिसं आम्हाला फोन करायची.

तर आता मुख्य गोष्ट. जुन्या मशीनचं नेटवर्क चालत नसेल तर वरून खाली शोधत बसू नका, खालून वर या. दिवा लागतो का, कार्ड दिसतं का, ड्रायव्हर चढतो का, पॅकेट जातं का, पॅकेट येतं का. प्रत्येक पायरीला तिथल्या तिथे प्रश्न विचारता येतो, आणि डॉसवर उत्तर खरं मिळतं कारण मधे दुसरं कोणी नसतं. आजच्या विंडोजवर "काहीतरी चुकलंय, आम्ही तपासतोय" असं येतं. कोण तपासतंय, कुठे तपासतंय, देव जाणे.

पहिल्याच पायरीला अडलं. केबल लावली, दिवा नाही. लॅपटॉपला तीच केबल लावली तर दिवा लागतो, म्हणजे केबल बरी. दोन संशय होते. एक, काकांच्या पुतण्याकडचा फायबरचा नवा राउटर. त्यावरचं एक पोर्ट अडीच गिगाबिटचं होतं आणि अशी काही पोर्टं १० मेगाबिटपर्यंत खाली उतरतच नाहीत. आपलं कार्ड १० च्या वर चढत नाही. म्हणून केबल शेजारच्या साध्या गिगाबिट पोर्टात घातली. तरी नाही. मग दुसरा संशय, कार्ड स्वतः कोणत्या तोंडाने बोलतंय? या कार्डावर जम्पर (सेटिंगसाठी पिनांवर लावायच्या छोट्या टोप्या) नसतात, सेटिंग ईईप्रॉम नावाच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतं आणि रिअलटेकचा आरसेट८०१९ नावाचा डॉसमधला प्रोग्रॅम ते बदलतो. उघडून पाहिलं, तर कार्ड बीएनसीवर लावलेलं. ज्या ऑफिसातून भंगारात आलं तिथे कोएक्स असणार. १०बेस-टी केलं, म्हणजे आरजे४५ वर आणलं, दिवा लागला. त्याच पडद्यावर 'प्लग अँड प्ले'सुद्धा बंद करून 'जम्परलेस' करून घ्या. डॉसला प्लग अँड प्लेशी काही देणंघेणं नाही, आणि कार्ड मात्र बायॉस आपल्याला पत्ता देईल म्हणून वाट बघत बसतं.

मग पॅकेट ड्रायव्हर. ही एक फार शहाणी कल्पना होती. कार्ड कुठलंही असो, वरच्या प्रोग्रॅमला ते सारख्याच पद्धतीने दिसावं म्हणून एफटीपी सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने एक ठरलेली पद्धत लिहून काढली, आणि पुढे 'क्रिनवर' (Crynwr) नावाच्या संग्रहात ढीगभर कार्डांचे ड्रायव्हर फुकट मिळायला लागले. एनई२००० चा ड्रायव्हर काही केबीचा. त्याला तीन आकडे द्यायचे: सॉफ्टवेअर इंटरप्ट (वरच्या प्रोग्रॅमने ड्रायव्हरला हाक मारायचा नंबर) ६० हेक्स, कार्डाचा आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायच्या ओळीचा नंबर) आणि पत्ता ३०० हेक्स. हेक्स म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेला आकडा. त्याच्यावर मायकेल ब्रुटमन यांचा एमटीसीपी. हा माणूस आजही डॉससाठी टीसीपी/आयपीचे प्रोग्रॅम लिहितो आणि ते अगदी ३८६ च्या कितीतरी आधीच्या ८०८८ प्रोसेसरवरसुद्धा चालतात. डीएचसीपी (मशीनला नेटवर्कवरचा पत्ता मिळवून देणारा), पिंग, टेलनेट, एफटीपी (फाइली पाठवायचा), आयआरसी, सगळं एका फ्लॉपीत मावतं. कॉन्फिग फाइलमध्ये आपण दोन ओळी लिहायच्या, इंटरप्टची आणि मशीनच्या नावाची. बाकी आयपी, गेटवे, नेमसर्व्हर डीएचसीपीचा प्रोग्रॅम स्वतः त्याच फाइलमध्ये लिहितो.

ड्रायव्हर चढला. कार्डाचा इथरनेट पत्ता पडद्यावर छापला. डीएचसीपी चालवला, तर टाइमआउट. पुन्हा टाइमआउट.

इथे बरेच जण कार्ड फेकून देतात, म्हणून जरा सावकाश सांगते. इथरनेट पत्ता छापून आला म्हणजे ३०० हेक्स बरोबर आहे, कार्ड तिथे आहे आणि बोलतंय. एमटीसीपीबरोबर पॅकेट ड्रायव्हर तपासायचं पीकेटीटूल नावाचं साधन येतं, त्याला आकडेवारी विचारली. पाठवलेली पॅकेटं वाढत होती. आलेली शून्य. घरचं नेटवर्क चालू असताना शून्य पॅकेटं येणं शक्य नाही. कोणी ना कोणी एआरपीची हाक, म्हणजे "हा पत्ता कोणाचा?", मारतच असतं. जातं पण येत नाही, याचा एनई२००० वर जवळजवळ एकच अर्थ, आयआरक्यू. पॅकेट पाठवायला ड्रायव्हरला इंटरप्टची गरज पडत नाही, तो सरळ पोर्टावर बाइट्स ओततो. पण आलेलं पॅकेट उचलायला कार्डाने प्रोसेसरला हाक मारावी लागते, आणि ती हाक पोचली नाही तर पॅकेट कार्डाच्याच बफरमध्ये पडून राहतं.

कार्ड आयआरक्यू ३ वर होतं. एनई२००० चा तो ठरलेला आकडा. आयआरक्यू ३ हा कॉम२ चाही, म्हणजे दुसऱ्या सीरियल पोर्टाचाही, ठरलेला आकडा. काकांचा माउस कॉम१ वर, म्हणजे आयआरक्यू ४. कॉम२ ला काहीच जोडलेलं नाही, पण मल्टि-आयओ कार्डावर (सीरियल, प्रिंटर अशी पोर्टं देणाऱ्या कार्डावर) त्याचा जम्पर लावलेला. वापर असो नसो, पोर्ट चालू असेल तर ती ओळ त्याने धरून ठेवलेली असू शकते. आयएसए बसवर दोन कार्डांना एक ओळ वाटून घेता येत नाही. वाड्याला दारावर एकच कडी, आणि शेजारच्या बिऱ्हाडाने ती आतून धरून ठेवलेली. पाहुणा कितीही वाजवो.

उपाय दोन. एक तर कॉम२ चा जम्पर काढा, नाहीतर कार्ड हलवा. मी कार्ड हलवलं, कारण त्या मल्टि-आयओ कार्डावर जम्परांची छापील खूण पुसली गेली होती आणि अंदाजाने जम्पर काढणं मला आवडत नाही. आयआरक्यू ५ घेता येतो, एटी मशीनवर तो दुसऱ्या प्रिंटर पोर्टाचा आणि दुसरा प्रिंटर कोणाकडे असतो? पण साउंड ब्लास्टर हे आवाजाचं कार्ड असेल तर तो तिथे बसलेला असू शकतो. म्हणून १०. हा फक्त १६ बिटच्या स्लॉटात मिळतो, तेवढं बघायचं. आरसेट८०१९ मध्ये १०, ड्रायव्हरच्या ओळीत १०, मशीन बंद करून चालू. डीएचसीपीने पहिल्या झटक्याला आयपी दिला. काका खुर्चीत बसून बघत होते. "मिळाला का नंबर?" म्हणाले. त्यांना वाटलं ट्रंक कॉल लागला.

फोनवरून ऑनलाइन जायच्या दिवसांत हीच पद्धत होती, फक्त पायऱ्या वेगळ्या. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत माझ्या निम्म्या तक्रारी मोडेमच्या असायच्या. मोडेम 'नो डायलटोन' म्हणतोय आणि तीच लाइन फोनला लावली तर टोन खणखणीत. कारण मोडेम अमेरिकेसाठी बनलेला. तिथला डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झचा, आपला ४०० हर्ट्झचा, त्यावर २५ ची थरथर. मोडेमच्या कानाला तो टोनच वाटायचा नाही. त्याला एटीएक्स३ ही आज्ञा दिली की टोनची वाट न बघता डायल करायचा. जुन्या एक्स्चेंजवर असाल तर एटीडीटीऐवजी एटीडीपी, म्हणजे पल्स. आणि डाउनलोड मधेच सीआरसी एरर (डेटा बिघडल्याची खूण) देत असेल तर आधी एमएसडी हा मशीन तपासायचा प्रोग्रॅम चालवून यूएआर्टची, म्हणजे सीरियल पोर्ट सांभाळणारी, चिप बघायची. ८२५० किंवा १६४५० असेल तर तिच्याकडे एकाच बाइटची जागा. प्रोसेसर जरा दुसरीकडे गुंतला की पुढचा बाइट आधीच्यावर येऊन बसतो. १६५५०ए ला १६ बाइट्सची रांग असते. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत १६५५० चं सीरियल कार्ड मिळायचं, ते बदललं की गिऱ्हाईक म्हणायचं, "बाईंनी लाइन सुधारली." लाइनीला मी हातसुद्धा लावलेला नसायचा.

फाइली काढायचं काम त्यामानाने सरळ झालं. ३८६ वर एमटीसीपीचा एफटीपी सर्व्हर चालवला आणि लॅपटॉपवरून फाइलझिला हा एफटीपीचा प्रोग्रॅम जोडला. दोन गोष्टी आधीच लावून घ्या. ट्रान्स्फर बायनरी ठेवा, नाहीतर ओळींच्या शेवटांची अदलाबदल होते आणि डेटाबेसच्या फाइली खराब होतात. आणि फाइलींच्या तारखा टिकवायचा पर्याय चालू करा. हा दुसरा मुद्दा काकांच्या बाबतीत फार महत्त्वाचा ठरला. एकाच शाखेच्या फाइली नवी, नवी१, नवीन, शेवट, शेवट२ अशा नावांनी होत्या (आठ अक्षरांत माणूस आणखी काय करणार) आणि शेवटची कुठली हे तारखेवरूनच कळत होतं. बॅटरी मेलेल्या मशीनवर नवी फाइल बनवली तर तिची तारीख १९८० ची पडते, कारण डॉसची कालगणनाच तिथून सुरू होते. म्हणून काहीही करण्याआधी एमटीसीपीच्या एसएनटीपीने घड्याळ लावून घेतलं. त्याला टीझेड, म्हणजे टाइम झोन, सांगावं लागतं, आणि भारतासाठी ते 'आयएसटी-५:३०' असं उणे चिन्हाने लिहायचं. आपण ग्रिनिचच्या पुढे, तरी उणे. पद्धतच उलटी आहे. अधिक लिहिलंत तर घड्याळ ११ तास मागे जाईल.

पासवर्ड उघडा जातो, हे एफटीपीबद्दल माहीत असू द्या. घरातल्या घरात ठीक आहे.

आता मजकूर. जिस्टच्या फाइली साध्या नोटपॅडमध्ये उघडल्या की परग्रहावरची भाषा दिसते, आणि लोक समजतात की डेटा गेला. गेलेला नसतो. तो इस्की आहे, १९९१ चं भारतीय मानक १३१९४. त्यात क हे अक्षर १७९ व्या जागेवर, आणि पुढे वर्णमालेच्याच क्रमाने. युनिकोडचा देवनागरी विभाग याच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलाय, त्यामुळे क्रम बव्हंशी तोच आहे आणि रूपांतर म्हणजे कोष्टक मांडणं. माझ्या भाचीने पायथनमध्ये संध्याकाळभरात ते करून दिलं. गाठी होत्या त्या हलंताच्या. इस्कीत दोन हलंत लागोपाठ आले तर पाय मोडलेलं अक्षर तसंच दाखवायचं असतं, आणि हलंतापुढे नुक्ता आला तर अर्धं अक्षर. 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतला रफार नव्हे तो अर्धा र नीट यायला हे सांभाळावं लागलं. फाइलीच्या शेवटी बाइट २६, म्हणजे कंट्रोल-झेड, लागला की थांबायचं. त्यापुढे आधीच्या कुठल्यातरी फाइलीचं उष्टं असतं.

काकांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल? स्वतःच्या आजीचं माहेरचं नाव. आणि लगेच म्हणाले, "अगं, इथे दामले नको, दाते हवं. तेव्हाच दुरुस्त केलं होतं मी." शेवट२ उघडली. तिथे दाते होतं.

गुगलचं राहिलं. ३८६ वर इंटरनेट येतं, अडचण एचटीटीपीएसची आहे. आजच्या बहुतेक साइट्स टीएलएसशिवाय (दोन टोकांतलं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीशिवाय) दार उघडत नाहीत आणि त्या हस्तांदोलनाला लागणारं मोठमोठ्या आकड्यांचं गणित ३३ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला फार जड जातं. एमटीसीपीच्या एचटीगेटला (वेबपान आणणाऱ्या प्रोग्रॅमला) टीएलएस येतच नाही. त्यामुळे मधे एखादं रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) ठेवून त्याने टीएलएस सोडवायचं, चित्रं आणि स्क्रिप्ट काढून टाकायची आणि साधं एचटीटीपी डॉसकडे द्यायचं, असा मार्ग लोक वापरतात. पुतण्याच्या मुलाने हौसेने करून बघितलं. बातम्यांचं पान उघडलं, मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं आली, कारण डॉसला युनिकोड कुठून येणार. काकांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "बातम्या मी सकाळीच वाचल्यात."

एक काम अजून बाकी आहे. डब्यात सव्वापाच इंची फ्लॉपी निघाल्या, त्यांवर काकांच्या अक्षरात 'गोवा शाखा' लिहिलंय, आणि ही शाखा हार्ड डिस्कवर कुठेच नाही. त्याच डब्यातल्या एका साडेतीन इंची फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये तर जोशी व्हायरस सापडला. नव्वदच्या सुमारास भारतातच पहिल्यांदा दिसलेला, ५ जानेवारीला मशीन अडवून 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला लावणारा. त्यामुळे बाकीच्या फ्लॉपी मी लिहायची खाच बंद करूनच घालणार आणि त्यांवरून मशीन बूट तर अजिबात करणार नाही. पण घालणार कशात? कोणाकडे १.२ एमबीचा, चालू स्थितीतला सव्वापाच इंची ड्राइव्ह असेल तर कळवा. केबलचं टोक जुन्या पद्धतीचं, कडेला बसणारं असलं तरी चालेल, ते मी बघून घेईन. विकत नको असेल तर आठवड्यासाठी उसना द्या, परत आणून देण्याची जबाबदारी माझी.